हौसाआत्या गाडीला अस्तर लावते

हौसाआत्या गाडी चालवताना हॉर्न वाजवत नाही. हॉर्न आहे, वाजतोही चांगला. पण तिचं म्हणणं असं, की देवानं तोंड दिलेलं असताना माणसाला पिपाणी वाजवून बोलावणं हा त्या माणसाचा अपमान आहे. म्हणून ती खिडकीतून मान बाहेर काढते आणि जो आडवा आला असेल त्याच्याशी थेट बोलते. "ओ निळा शर्ट! घरी पोचायचंय ना? मंग कडंनी चाला!" किंवा, "ए बाये, मोबाईल नंतर बघ गं, आदी गाडी बघ!" म्हशींना ती त्यांच्या मालकाच्या नावानं हाक मारते. कर्जतच्या चारफाट्यावर एकदा तिनं वाहतुकीच्या हवालदाराला "सरक रं शिट्टीवाल्या" म्हटलं आणि तो सरकलाही. आपण सरकायचं नसतं, गाड्यांना सरकवायचं असतं, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत आत्या नेरळच्या रस्त्याला लागली होती.

ही माझ्या वडलांची धाकटी बहीण. नेरळजवळ पोशीरला राहते. नवरा गेला तेव्हा मागे राहिली थोडी भातशेती आणि त्याची जुनी पिकअप. सगळ्यांनी सांगितलं, गाडी विकून टाक. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, त्यांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी शिकायला घेतली. शिकवायला आलेला माणूस फार टिकला नाही. आत्या म्हणते, "त्याला गाडी येत होती, पन बोलायला येत नव्हतं."

गाडी गोल डोळ्यांची, बसक्या नाकाची, जुन्या घाटणीची. तशा पिकअप आता रस्त्यावर दिसत नाहीत. आत्या तीतून आंब्याची कलमं, पेंढा, फार्महाऊसवाल्यांच्या बागेची माती, कुणाच्या लग्नातली भांडी, काहीही वाहते. पळसदरीच्या धरणावर आलेली मुंबईची पोरं गाडीभोवती जमतात आणि विचारतात, "आजी, एक फोटो काढू का?" आत्या म्हणते, "काढा की. आदी जरा धक्का मारा." फोटोच्या नादात पोरं गाडी चढावर चढवून देतात. एका बंगलेवाल्यानं ती विकत मागितली होती, लॉनवर शोभेला उभी करायला. आत्यानं त्याला विचारलं, "तुमची आई हाय का?" तो म्हणाला, "आहे." "मंग तिला उबी करा लॉनवर. ती पन जुनीच हाय."

आता पारूकाकूबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यावाचून आत्या पुरी होत नाही. पारूकाकू म्हणजे आत्याची थोरली जाऊ. एकाच घराच्या दोन भागांत दोघी राहतात, मधे एकच अंगण. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही आता नाहीत. आत्याला मूलबाळ नाही, पारूकाकूचा मुलगा दिलीप पुण्याला नोकरी करतो. अशा दोन एकट्या बायका एकमेकींना धरून राहत असतील असं आपल्याला वाटेल. त्या एकमेकींशी थेट बोलतसुद्धा नाहीत. आत्या कोंबडीला सांगते, "जा गं, सांग तिला, मोटर बंद कर म्हनावं, टाकी भरून व्हायली." पारूकाकू आपल्या गाईला सांगते, "ऐकलंस का? आता आपली टाकीपन हीच बघनार." कोंबडी आणि गाय यांच्यामार्फत रोज सकाळी त्यांचं असं जोरदार भांडण होतं आणि ते संपलं की दोघी ताज्यातवान्या होऊन कामाला लागतात.

हे सगळं सुरू झालं ते या पिकअपवरून. पनवेलहून ती पहिल्यांदा घरी आणली तेव्हा दोघे भाऊ पुढे बसले आणि पुढच्या सीटवर आणखी एकीपुरतीच जागा उरली. मान थोरलीचा. पण आत्या टुणकन वर चढली आणि म्हणाली, "मला मागं उलटी होते." पारूकाकू मागे मालाच्या उघड्या हौद्यात बसली. चौक गावाच्या अलीकडे पाऊस लागला. पुढे आत्यानं काच वर केली. पोशीरला पोचल्यावर पारूकाकू ओलीचिंब उतरली, कुणाला काही बोलली नाही, आणि त्यानंतर तिनं त्या गाडीला बोट लावलं नाही. बाजाराला नेरळला पायी जायची. आत्या मुद्दाम तिच्या बाजूनं गाडी हळूहळू चालवायची आणि गाडीलाच सांगायची, "बघ गं, लोकांना पाय हायत."

माझं खालापुरात तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत सीट कव्हरचं दुकान आहे. रिक्षा, टेंपो, जीप, कुणाचा सोफा, जे येईल ते करतो. आत्याच्या गाडीची आतली अवस्था मला बघवत नसे. छताचं कापड कधीच गळून पडलं होतं, वर उघडा पत्रा. दारांचे पुठ्ठे ओल धरून फुगलेले. सीटमधला काथ्या बाहेर लोंबत होता आणि एक स्प्रिंग अशी वर आलेली, की तिला चुकवायला आत्या एका अंगावर बसून गाडी हाकायची. दर दिवाळीला मी म्हणायचो, "आत्या, एकदा गाडी ठेव माझ्याकडे, आतून नीट करून देतो." ती म्हणायची, "गाडी हाय रं ती. पलंग हाय का?"

म्हणून गेल्या भाद्रपदात एका सोमवारी ती दुकानासमोर गाडी उभी करून उतरली आणि "संज्या, आतून सगळी मऊ कर," असं म्हणाली तेव्हा मला वाटलं, हिला ताप आलाय.

"सगळी म्हणजे?"

"सगळी. छत, दारं, सीट, पुडचा पत्रा, पाय ठेवतो ती जागा. हात कुटंपन लागला तरी पत्रा लागता नये."

"करू की. आठवडाभर ठेव."

"बुदवारी सांजच्याला पायजे. गुरुवारी सकाळी गाडी काढायची हाय."

"एवढी घाई कसली? कुठं जायचंय?"

"तू आदी ऐक, मंग मी सांगते तसं कर." हे तिचं ठरलेलं वाक्य. ते आलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

मी रेक्झिनचे नमुने काढले. तिनं एकेकावर तळहात दाबून धरला आणि उचलला. "चिकटतं. उन्हात तापंल. वास मारतो. पुडं?" पुढे माझ्याकडे काही नव्हतं. तशीच मला गाडीत घालून ती कर्जतला बाजारपेठेत घेऊन गेली, पडद्यांच्या कापडाच्या दुकानात. तिथं तिनं जो तमाशा केला त्याची आठवण झाली तरी मला आजही त्या दुकानावरून जायची लाज वाटते. प्रत्येक ठाण ती उलगडायला लावायची, त्यावर गाल घासायची, मग कोपर घासायची. शेठनं हसून म्हटलं, "मावशी, पडद्याला कशाला एवढं बघता?" आत्यानं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, पसंत पडलेलं एक ठाण खाली गादीवर अंथरलं आणि त्यावर बसली. नुसती बसली नाही. डोळे मिटून, खाचखळग्यांतून चालल्यासारखी डावी-उजवीकडे हलली. दुकानातली गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली.

"हेच," ती उठत म्हणाली. "रंग कुटला कुटला हाय?"

मखमलीसारखं मऊ, पण जाड कापड होतं. शेठनं चॉकलेटी दाखवलं, राखाडी दाखवलं. मी म्हटलं, चॉकलेटी घे, मळ दिसत नाही. आत्या मोरपंखी रंगाकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यो."

"आत्या, हा फार भडक होईल."

"तिला ह्योच आवडतो."

"कुणाला?"

आत्यानं ठाण शेठपुढं सरकवलं. "गाडीला," ती म्हणाली आणि शेठवर खेकसली, "कापा की! बगताय काय?"

सोमवारी दुपारपासून मी कामाला लागलो. आतलं सगळं उचकटून काढलं, गंज घासला, पत्र्यावर लाल रंगाचा हात दिला. आत्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. रोज सकाळी ती पोशीरहून एसटी बदलत यायची आणि संध्याकाळी परत जायची. तिच्या बसण्यानं माझे हात जड व्हायला लागले. एरवी ती आली की गल्लीतल्या सगळ्यांची विचारपूस करायची, चहावाल्याला चहा शिकवायची, कचेरीतून बाहेर येणाऱ्या लोकांची कामं झाली का ते विचारायची. आता ती कुणाशी बोलत नव्हती. आत्या ओरडत असते तोवर माणूस निर्धास्त असतो. ती गप्प बसली की काही तरी कोसळणार असं वाटतं.

मधूनच तिचा फोन वाजायचा. ती उठून गल्लीच्या टोकाला जायची, पाठ फिरवून दोन शब्द बोलायची. एकदा मी पाण्याला बाहेर आलो तेव्हा ऐकलं. "जेवली का?" एवढंच तिनं विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक. परत येऊन ती पायरीवर बसली आणि पदराच्या टोकाला पीळ घालत राहिली.

मंगळवारी सीट झाली. नवा फोम, वर ते कापड, कडेला गोट. आत्यानं बसून बघितलं आणि म्हणाली, "उजवीकडं टनक हाय."

"ती तुझी बाजू. डायवरची बाजू थोडी टणकच बरी."

"माजी राहू दे. डावीकडं आनिक एक थर घाल."

मी परत सगळं उसवलं. दारांचे पुठ्ठे नवे कापले, त्यांना कापड चढवलं. समोरच्या पत्र्यावर फोम चिकटवून कापड ताणलं. आत्या प्रत्येक कोपऱ्यात हात घालून बघायची. एका स्क्रूचं डोकं तिच्या बोटाला लागलं. "ह्ये टोचतंय." मी म्हटलं, तिथं कुणाचा हात जाणार आहे? ती म्हणाली, "ज्याला टोचायचं असतं त्याचा हात बरूबर जातो." मी तो स्क्रूही झाकला. मनातून चिडचिड होत होती.

बुधवारी दुपारी छत लावलं. छत हे सगळ्यांत नाजूक काम. पत्र्याला चिकटवायचं सोल्युशन, फोमला सोल्युशन, मग कापड दोन्ही हातांनी दाबत न्यायचं. हवेत एवढा दमटपणा होता की भिंतीवरचा रंगसुद्धा चिकट लागत होता. तरी बसलं. सुरकुती नाही, फुगा नाही. मी खाली उतरून हात पुसत होतो, तेवढ्यात आतून सावकाश, ओला सदरा अंगावरून सोलावा तसा आवाज आला आणि अख्खं छत सीटवर येऊन पडलं.

मी परत लावलं. परत पडलं. आता सोल्युशनचे डाग सीटवरही उमटले. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला होता. आत्या गाडीच्या दारात उभी राहून लोंबणाऱ्या कापडाकडे बघत होती.

"आता?" ती म्हणाली.

माझा ताबा सुटला. "आता काय? वाळायला ऊन पाहिजे, ते आणून देतेस का? शनिवारी देतो गाडी. दोन दिवसांनी काय बिघडतं? गाडीच आहे ना? माणूस नाही ऑपरेशनला थांबलेलं!"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी तिला ओरडताना, हसताना, शिव्या देताना पाहिलंय. तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"माणूसच थांबलंय," ती म्हणाली.

मग पायरीवर बसून, रस्त्याकडे तोंड करून तिनं सांगितलं. पारूकाकूच्या गर्भपिशवीत गाठ होती. पोटात कळा यायच्या, ती कुणाला सांगायची नाही. श्रावणात एका सकाळी कोंबडीनं निरोप दिला आणि गाईकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आत्यानं पहिल्यांदा अंगण ओलांडलं. दिलीपला फोन करून तिनंच बोलावून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायला पाहिजे, थांबू नका. पनवेलच्या हॉस्पिटलात गुरुवारची वेळ मिळाली. आणि पारूकाकू नाही म्हणाली. दिलीपनं विनवलं, गाडी घेऊन दारात उभा राहिला. आरोग्य केंद्राच्या आशाताईनं समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला चिरायला नेऊ नका, एवढंच म्हणायची.

"मंग मी गेले," आत्या म्हणाली. "म्हटलं, बाय, मी नेते तुला. चल. तर म्हनते कशी, तुज्या त्या डब्यात? आतून पत्रा भाजतोय, खिळं टोचतात. आतून नवरीच्या डोलीसारखी मऊ कर, मंग येते."

"अगं, टाळायला म्हणाली ती."

"मला कळत नाय का? टाळायलाच म्हनाली. समदी हसली. तीपन हसली." आत्यानं नाक पुसलं. "पन बोलली ना, येते म्हनून? शब्द दिला ना? आता मऊ केल्यावर ती काय सांगनार हाय?"

मी उठून आत गेलो. पहिल्यांदा सीटवरचे डाग काढायला घेतले. हात चालत होते, डोकं छतावर होतं. चिकटवायचं नाही असं ठरवलं. जुन्या मोटारींत छताच्या कापडाला आडवे नेफे शिवून त्यांत तारेच्या कमानी घालायचे, त्या वर ताणून कापड धरून ठेवायच्या. पण तशा कमानी आता कुठून आणणार?

"कमानच पायजे ना?" आत्या म्हणाली आणि पावसातच निघून गेली. परत आली ती खांद्यावर हिरवा बांबू आणि हातात कुणाचा तरी कोयता घेऊन. कुठून आणला ते मी अजूनही विचारलेलं नाही. पायरीवर बसून तिनं बांबू चिरला, कामट्या तासल्या, एकेक कामटी गालावरून फिरवून कुसळ लागत नाही ना ते बघितलं. मी नेफे शिवले. कामट्या घालून दोघांनी मिळून त्या वाकवल्या आणि दोन्ही कडांच्या पट्टीत टोकं अडकवली. कामट्या ताठ झाल्या, कापड वर गेलं आणि छत आपलं आपण ताणून बसलं. आत्यानं खालून वर हात फिरवला. दाबून बघितलं. सीटवर बसून तिनं इंजिन चालू केलं आणि म्हणाली, "बस. तूपन चल. सकाळी काय सुटलं तर लावायला लागंल."

गुरुवारी सकाळी मी अंगणात आलो तेव्हा आत्यानं गाडी पारूकाकूच्या ओट्याला लावून ठेवली होती. दोन्ही दारं उघडी. सोल्युशनचा वास जावा म्हणून तिनं दारांच्या खणांत सोनचाफ्याची फुलं कोंबली होती. आळीतल्या बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. दिलीप आपल्या कारच्या चाव्या हातात खेळवत उभा होता. हे जमणार नाही असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

पारूकाकू भिंतीला धरत बाहेर आली. किती उतरली होती! तिनं गाडीकडे बघितलं आणि थबकली. मोरपंखी रंग सकाळच्या उजेडात नुसता लखलखत होता.

ती ओट्याच्या कडेला बसली आणि तिथूनच हात आत घालून सीट चाचपायला लागली. मग दार. मग समोरचा पत्रा. ती काय शोधत होती ते मला कळत होतं, आत्यालाही कळत होतं. तिला एक खिळा हवा होता. एक स्क्रू, एक पत्र्याची कड, एक काही तरी, की "बघा, टोचतंय" म्हणून ती परत आत जाऊन भिंतीकडे तोंड करेल. आत्या बोनेटला टेकून किल्ली पदराला पुन्हा पुन्हा पुसत होती. पारूकाकूची बोटं सीटच्या सांध्यात गेली, दाराच्या कडेनं फिरली, त्या झाकलेल्या स्क्रूवरून गेली. तिनं वाकून छत चाचपलं.

"वास येतो," ती म्हणाली.

दिलीपनं चाव्या खेळवायच्या थांबवल्या.

"चाफ्याचा," ती म्हणाली. आणि मग पायांकडे बघत, "चपला कुटं काडू?"

"असू दे पायात," आत्या म्हणाली. कोंबडीला नाही, थेट तिला.

"नको. मळंल."

चपला काढून पारूकाकू पुढच्या सीटवर चढली. मी त्या उचलून मागे हौद्यात बसलो. दिलीप कारनं पुढे निघाला.

पोशीर ते पनवेल रस्ता मी शेकडो वेळा केला असेन. त्या दिवशी तो संपता संपत नव्हता. नेरळपाशी खड्डे चुकवत, कर्जतला फाटकातल्या गर्दीतून, चौकाकडे जाताना मागे ट्रकांची रांग लावत आत्या गाडी अशी चालवत होती, जणू पुढच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं घंगाळ ठेवलंय. मागच्या काचेतून मला दोघींची डोकी दिसत होती. मधेच खड्डा लागला आणि पारूकाकू कळवळली, तिचा हात बाजूला जाऊन दारावर आपटला. तिथं पत्रा नव्हता. तिनं हात तिथंच ठेवला.

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, "पेशंटबरोबर कोण?" दिलीप पुढे झाला. "आणि तुम्ही?" तिनं आत्याला विचारलं.

"मी डायवर," आत्या म्हणाली.

मग तिला कुणी आत सोडेना. ड्रायव्हरनं खाली थांबायचं. मी नर्सला नातं सांगायला गेलो तर आत्यानं माझा शर्ट धरून मागे ओढलं. "गप रं. डायवरच बरी." पारूकाकूला आत नेलं तेव्हा ती स्ट्रेचरवरून मान वळवून दारापर्यंत कुणाला तरी शोधत होती. आत्या खांबाआड उभी होती.

ऑपरेशन लांबलं. सांगितलेली वेळ उलटून गेली, तरी आतून कुणी आलं नाही. दिलीप फेऱ्या मारत होता. आत्या जिन्यापाशी जमिनीवर बसली होती आणि फरशीच्या एका भेगेवर नखानं उगाच खरवडत होती. एकदा तिनं मला विचारलं, "संज्या, चिरताना कळतं का रं?" मी म्हटलं, "नाही गं, झोपवतात." "झोपंत बोलतात का?" मी तिच्याकडे बघितलं. "कुनाचं नाव घेतात का, म्हनून विचारलं," ती म्हणाली आणि पुन्हा खाली बघायला लागली.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, साधी दिसतेय म्हणाले, तपासणीला पाठवलीय. दिलीप त्यांच्या पाया पडायला वाकला. मी वळून बघितलं तर आत्या जागेवर नव्हती. खाली जाऊन पाहिलं, ती गाडीपाशी उभी राहून एका पोरट्याला जोरजोरात झापत होती, कारण त्यानं सायकल गाडीला टेकवून ठेवली होती. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. मी त्या पोराकडे बघून हसत होतो, का हसतोय हे त्या बिचाऱ्याला कळलं नसेल.

तपासणीत गाठ साधीच निघाली. पारूकाकूला घरी सोडलं त्या दिवशी दिलीपनं कार अगदी दाराशी आणून लावली होती. एसी चालू, उशी ठेवलेली. पारूकाकू त्याच्या खांद्याला धरून बाहेर आली, तिनं कारकडे बघितलं आणि म्हणाली, "तू हो पुडं. घर उगड. मी धाकटीसंगट येते."

मी पुन्हा हौद्यात. परतीच्या वाटेवर दोघी बोलत होत्या की नाही ते इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं. कर्जत गेल्यावर पारूकाकूचं डोकं हळूहळू कलायला लागलं. नेरळ येईपर्यंत ते आत्याच्या खांद्यावर टेकलं होतं. आत्याचा डावा हात गिअरवर होता. गिअर बदलायला खांदा हलतो, म्हणून तिनं नेरळपासून पोशीरपर्यंत तो बदललाच नाही. गाडी रडत, गुरगुरत एकाच गिअरमध्ये आली.

अंगणात गाडी थांबली. दिलीप ओट्यावरून लगबगीनं पुढे आला, मी हौद्यातून उडी मारून दार उघडायला गेलो. आत्यानं काचेतून डोळे वटारले. मग हातानंच खूण केली, लांब व्हा. मी खिडकीपाशी वाकून हलकेच म्हटलं, "अगं, इंजिन तरी बंद कर. डिझेल जळतंय."

"बंद करताना गचका देती ही," ती कुजबुजली. "राहू दे. झोपलीय."

आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो. दिलीपनं आतून पाणी आणलं. संध्याकाळ व्हायला लागली, गोठ्यातली गाय दावणीला हिसके देत होती, आणि अंगणात पिकअप नुसतीच धडधडत उभी होती. आत मोरपंखी छताखाली आत्या ताठ बसली होती, मान न हलवता, दोन्ही डोळे समोरच्या भिंतीवर लावून.